साडू, डांबर आणि गोरज मुहूर्त

मे महिन्यात भर दुपारी अकोल्याहून अमरावतीला निघू नये, हे कळायला पंचांग लागत नाही. पण लग्न गोरज मुहूर्तावरचं, गाडीचा एसी बंद, आणि शेजारच्या सीटवर आमचे साडू. भौतिकशास्त्राचे निवृत्त मास्तर. निवृत्त शाळेतून, शिकवण्यातून नव्हे.

मूर्तिजापूर येईस्तोवर बाटलीतलं पाणी चहापत्ती टाकण्याजोगं तापलं होतं. तेवढ्यात बायको मागून ओरडली, "अगं बाई, पुढे रस्त्यावर पाणी साचलंय!"

झालं. साडूंनी डोक्याचा दुपट्टा सोडला. "ते पाणी नाही. आकाश आहे."

मग कळलं ते असं. डांबर साठ अंशांच्याही वर तापतं, त्याला चिकटलेली हवा विरळ होते आणि तिच्यातून प्रकाश किंचित जास्त वेगाने जातो. "वरातीत बघा, मोकळ्या बाजूची माणसं भराभर पुढे सरकतात आणि अख्खी वरात गर्दीकडे वळते." तसा आकाशातून रस्त्याकडे निघालेला किरण पुन्हा वर वळून आपल्या डोळ्यांत शिरतो. डोळा बिचारा सरळमार्गी. किरण सरळच आला असं धरून तो आकाश डांबरावर मांडतो. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश तिच्यात किती मंदावतो त्याचं माप, जेमतेम १.०००३, तोही उष्णतेने इवलासा बदलणार. त्यामुळे किरण रस्त्याला जवळजवळ घासत आला तरच वळतो. म्हणून तळं कायम पुढेच.

हा भ्रम नाही, फोटोतही येतो, असंही ते म्हणाले. बायकोने मोबाईलवर काढला. आला! त्यानंतर साडूंना आवरणं कठीण झालं. १७९८ साली नेपोलियनच्या सैन्याला इजिप्तच्या वाळवंटात असंच पाणी दिसलं. सोबत गेलेल्या गास्पार मोंज या गणितज्ञाने त्याची कारणमीमांसा केली. तहानलेल्या शिपायांना ती ऐकावी लागली असेल, तर माझी त्यांना पूर्ण सहानुभूती आहे.

"रसवंती दिसतेय," मी म्हणालो.

"नक्की आहे ना?" मेहुणीने विचारलं.

होती. दोन-दोन ग्लास झाले, तेवढा वेळ शांतता.

अमरावतीला पोचलो तेव्हा अंतरपाट धरला होता. सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकली आणि साडू मुठीत अक्षता घेऊन पुढे सरसावले. "गुरुजी, सूर्य खरं तर मावळलाय! हवा त्याचे किरण अर्धा अंश वाकवते, म्हणून दिसतोय. दोनेक मिनिटांचा फरक पडतो. पंचांगात धरलाय का?"

गुरुजींनी एकदा मावळतीकडे पाहिलं, एकदा साडूंकडे, आणि माईक तोंडाशी घेऊन खच्चून म्हणाले, "शुभमंगल... सावधान!"