टूथपेस्टने प्रोसेसर थंड होत नाही

परभणीत ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवणाऱ्या माझ्या भाच्याचा गेल्या आठवड्यात फोन आला : "मामा, कॉम्प्युटर दर वीस मिनिटांनी बंद पडतोय आणि बाहेर गिऱ्हाईक खोळंबलंय." जाऊन हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, काढला, तर प्रोसेसरवर टूथपेस्टचा वाळून तडकलेला पांढरा पापुद्रा होता. हा उपाय त्याला व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका संदेशातून मिळाला होता. त्या संदेशानुसार प्रोसेसर 60 अंशांच्या वर गेला की जळतो, थर्मल पेस्टऐवजी टूथपेस्ट चालते, कॅबिनेटची बाजू काढून समोर पाण्याचा कूलर लावावा, धूळ घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढावी आणि सोबतच्या लिंकवरून 'कूलिंग'चे सॉफ्टवेअर घ्यावे.

टूथपेस्टबद्दल आधी सांगतो, कारण नुकसान तिनेच केले. प्रोसेसर आणि हीटसिंक यांचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक फटी राहतात, त्या फटींत हवा असते आणि हवा उष्णता फार कमी वाहून नेते. या फटी बुजवणे एवढेच थर्मल पेस्टचे काम असते. टूथपेस्टमधले पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक उष्णता वाहते, त्यामुळे पहिल्या दिवशी तापमान उतरते, हे मान्य करावे लागेल, आणि संदेश पुढे ढकलणारे नेमके तेवढेच पाहतात. पण ऐंशी अंशांच्या धातूवर ते पाणी टिकणार किती दिवस? ते उडून गेले की मागे दात घासण्याची कोरडी भुकटी उरते, तिला भेगा पडतात आणि त्या भेगांत पुन्हा हवा शिरते. काही शे रुपयांत मिळणाऱ्या खऱ्या पेस्टचा तुरीच्या दाण्याएवढा ठिपका काही वर्षे पुरतो. शिवाय भाच्याच्या यंत्रात मूळ दोष पेस्टचा नव्हताच; पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा गोधडीसारखा थर बसला होता. आजार रेड्याला आणि डाग पखालीला!

साठ अंशांची भीती तर निराधार आहे. भाच्याच्या यंत्रातल्या कोअर आय-3 10100 या प्रोसेसरची कमाल मर्यादा इंटेलनेच आपल्या माहितीपत्रकात 100 अंश सेल्सिअस दिली आहे. त्या मर्यादेला पोचताच प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर यंत्र बंद करतो. म्हणजे वीस मिनिटांनी बंद पडणे ही सुरक्षेची व्यवस्था होती, जळणे नव्हे. हीटसिंक खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, हेही लक्षात घ्यावे. जानेवारीत खोली 25 अंशांवर असताना प्रोसेसर 60 वर राहत असेल, तर मे महिन्यात खोली 40 वर गेल्यावर त्याच कामाला तो साधारण 75 दाखवणार, आणि त्यात काहीही बिघडलेले नसते. मात्र आकडा सतत नव्वदीच्या पुढे राहत असेल, तर यंत्र उघडून पाहावेच.

कूलरने खोली थंड होते आणि खोलीबरोबर कॉम्प्युटरही, इतके त्या सल्ल्यात खरे आहे. परंतु उघड्या कॅबिनेटसमोर ठेवलेल्या कूलरमधून बारीक तुषार आणि आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातले क्षारही मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य सर्किटवर, येतात. त्यावर धूळ बसून ओली झाली की वीज नको तिथून वाहू लागते. बाजू काढायची ती तपासणीपुरती : ती काढताच तापमान बरेच उतरले, तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही, हे कळते.

व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर स्थिर विद्युत साठते आणि तिने आतले नाजूक भाग बिघडू शकतात, म्हणून तो नको. वीज काढून, यंत्र अंगणात नेऊन ब्लोअरने धूळ उडवावी आणि तेव्हा पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. सॉफ्टवेअर तापमान दाखवू शकते, पंख्याचा वेगही बदलू शकते, पण धूळ काढू शकत नाही. अनोळखी लिंकवरून तर ते घेऊच नये, विशेषतः ज्या यंत्रावर लोकांची आधार कार्डे स्कॅन होतात त्यावर.

भाच्याचा हीटसिंक आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, थर्मल पेस्ट लावली आणि हीटसिंक जागेवर धरणाऱ्या चारही खिळ्या टक् असा आवाज येईपर्यंत दाबल्या. त्यातली एक आधीपासूनच सैल होती. त्या दुपारी बाहेर 42 अंश असताना, दिवसभर अर्ज भरूनही प्रोसेसर 74 च्या वर गेला नाही.