मध्यवर्ती ठिकाणी, सगळ्यांना सोयीचं

नागपूरच्या माणसाला मध्यभागाचं फार वेड. शहरात झिरो माईलचा खांब आहे, त्याच्याशेजारी चार घोडे आहेत आणि देशातली सगळी अंतरं इथूनच मोजली जातात असं आम्हाला शाळेपासून ऐकवलेलं असतं. त्यामुळे मध्यभागी राहिलं की सगळं जवळ पडतं, अशी आमची पक्की समजूत होऊन बसते. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की समुद्र, बर्फ आणि मोठं थीम पार्क या तिन्ही गोष्टी आमच्यापासून लांबच. बरं, नागपूरकराला हे पटवायला जा. "लांब आहे, पण सगळीकडून सारखंच लांब आहे ना!" असं वर तोच सांगेल.

आजवर आमच्या घरातली पाण्यातली मजा म्हणजे अमरावती रोडवरचं बाजारगावचं वॉटर पार्क. सकाळी निघायचं, दिवसभर डुंबायचं, रात्री घरी येऊन वरण-भात खायचा. राहायचं कुठे हा प्रश्नच नव्हता. या वर्षी मात्र मुलांनी हैदराबाद काढलं. तेही एक ठिकाण नाही, तीन: झुल्यांचं वंडरला, सिनेमाच्या सेटची रामोजी फिल्म सिटी आणि बर्फाचं स्नो वर्ल्ड. जाणारी माणसं म्हणजे सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि दोन्ही घरची पोरं. "मध्यवर्ती ठिकाणी पाहून घे एखादं हॉटेल, म्हणजे सगळ्यांना सोयीचं," असं म्हणून आमच्या ह्यांनी ते काम माझ्याकडे सरकवलं आणि आयपीएल लावली. कारण काय, तर मोबाईलवर मी चांगलं शोधते. एकदा कुणाला तरी कूलरची मोटर स्वस्तात मिळवून दिली, तेव्हापासून मी घरची ट्रॅव्हल एजंट.

तारखा ठरवणं त्या मानाने सोपं गेलं. विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी आणि तेलंगणातल्या १२ जूनच्या आसपास. मधल्या दिवसांत तिथली पोरं वर्गात आणि आमची झुल्यावर, म्हणजे रांगा कमी. वंदे भारतही मिळाली. २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झालेली ही गाडी पहाटे ५ ला नागपूर सोडते आणि दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सिकंदराबादला टेकते. इथपर्यंत सगळं बाप्पाच्या कृपेनं सुरळीत होतं. मग मी नकाशा उघडला.

स्नो वर्ल्ड शहराच्या पोटात, इंदिरा पार्कजवळ, लोअर टँक बंडला. रामोजी विजयवाड्याच्या रस्त्यावर, शहर संपून बऱ्यापैकी पुढे. वंडरला दक्षिणेला रविर्यालला, विमानतळाच्या बाजूला. सिकंदराबादहून दोन्ही टोकं ३५-४० किलोमीटर. म्हणजे तीन पार्कं तीन दिशांना, आणि आमच्या ह्यांचं 'मध्यवर्ती' या तिघांच्या मधे कुठेतरी.

सासरे गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांना त्रिकोण दिसला की राहवत नाही. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीमागे त्यांनी तिन्ही बिंदू मांडले, मध्यगा काढल्या आणि संपातबिंदूवर पेन्सिलीनं टिंब दिलं. "संपातबिंदू प्रत्येक मध्यगेला २:१ या प्रमाणात विभागतो," असंही समजावून सांगितलं. टिंब पडलं नादरगुलच्या आसपास. मी मोबाईलवर तिथं बोटं ताणून ताणून पाहिलं. नुसते लेआउट. शेत, लेआउट, परत शेत, परत लेआउट. सोय होईल असं हॉटेल मला काही दिसेना. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "इथं दहा वर्षांआधी प्लॉट घेऊन ठेवायला पाहिजे होता." मग अर्धा तास हैदराबाद बाजूलाच राहिलं. वर्धा रोडला मिहान प्रकल्प यायच्या आधी कुणी कुणी किती भावानं प्लॉट घेतला आणि आपण कसा घेतला नाही, यावर दोन्ही भाऊ आणि बाबा बोलत राहिले. हा आमच्या घरातला कायमचा विषय आहे, त्याला हैदराबादचं निमित्तही पुरतं.

तोवर घरात बातमी पसरली होती की हॉटेल ठरून राहिलंय. एकेकाच्या अटी यायला लागल्या. सासूबाईंची पहिली अट बादलीची. "बाथरूममध्ये बादली-मग आहे का, ते आधी विचार. नुसता फवारा असला तर मी आंघोळ करणार नाही." जाऊबाईंना गॅलरी हवी, कारण वंडरलाच्या पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन नाहीतर पॉलिस्टरचेच लागतात, आणि आठ जणांचं ओलं नायलॉन वाळवायचं कुठे? मुद्दा बिनतोड होता. मुलांना हॉटेलात स्विमिंग पूल हवा. दिवसभर पाण्यात लोळून आल्यावर संध्याकाळी परत पूल कशाला, असं मी विचारलं तर, "तो वेगळा असतो ना मम्मी!" दिरांची मागणी अगदी साधी. "वहिनी, बाकी कसंही असू द्या, जवळ पानठेला असला म्हणजे झालं." खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूची पुडी, नागपूरहूनच बांधून नेणार होते, पण पानठेल्यावर उभं राहायची सवय बांधून नेता येत नाही म्हणाले. आणि आमचे हे? "पार्किंग आहे का बघ."

"अहो, आपण ट्रेननं चाललोय."

"तरी विचारून ठेव."

आता वंडरलाविषयी थोडं सांगते, कारण आमच्या घरातलं खरं भांडण तिथून निघालं. हे पार्क व्ही-गार्डवाल्या कोचौसेफ चिट्टिलापिल्लींचं. १९७७ पासून ज्यांनी व्होल्टेज स्टॅबिलायझर विकून आमच्यासारख्यांचे फ्रिज सांभाळले, त्यांनीच पुढे माणसांना उलटं टांगायचा धंदा काढला. हैदराबादचं पार्क २०१६ चं. तिथं मुलांचं तिकीट वयावर ठरत नाही, उंचीवर ठरतं. १४० सेंटिमीटरपर्यंत मुलांचं तिकीट, आणि मोठ्या थरारक झुल्यांत बसायला उंची हवी १४० च्या पुढे. आमचा ओम नेमका त्या रेघेवर. त्याच्या बाबांना तो तिकिटापुरता खाली हवा आणि त्याला स्वतःला रिकॉइल नावाच्या झुल्यात बसायला वर जायचंय. रोज सकाळी दाराच्या चौकटीला पाठ लावून दोघं मोजतात. बाप पट्टी डोक्यावर दाबतो, पोरगा टाचा उचलतो. या गडबडीत माझ्या लक्षात आलं की ओमच्या दृष्टीनं सहल म्हणजे वंडरला, बाकी दोन्ही ठिकाणं नुसती वाटेतली स्टेशनं. त्याला हॉटेल वंडरलाच्या फाटकासमोर हवं.

धाकटीला फक्त बर्फ हवा. स्नो वर्ल्डमध्ये उणे ५ अंशांत ठेवतात, जाकीट-मोजे-बूट देतात, हे तिला कुणीतरी शाळेत सांगितलंय. नागपुरात ४५ अंशांत वाढलेल्या पोरीला उणे हा शब्द गणिताच्या बाहेर पहिल्यांदाच भेटलाय. तिला इंदिरा पार्कच्या जवळचंच हॉटेल पाहिजे, "म्हणजे सकाळी उठलं की लगेच." लगेच काय, तेही ती सांगते. बर्फाचा गोळा करून दादाला मारायचा.

आणि सासूबाईंना रामोजी. १९९६ सालापासून उभी असलेली ती १,६६६ एकरांची नगरी त्यांनी टीव्हीवर इतक्यांदा पाहिलीय की तिथला कुठला बगीचा कुठल्या सिरियलीत कोणाच्या लग्नाला वापरला ते त्या सांगू शकतात. जगातला सगळ्यांत मोठा स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात नाव आहे हे कळल्यावर तर "मग आतच राहू ना" असं म्हणाल्या. आत राहता येतं, हे खरं. सितारा हॉटेल आहे, तारा आहे, त्याहून साधी ठिकाणंही आहेत. आत राहिलं की सकाळी ९ ला फाटक उघडायच्या वेळी आपण चहा पीत बसलेलो असतो, बाहेरचे लोक तिकिटाच्या रांगेत असतात. मला स्वतःला हे पटलं होतं. पण सितारा हे नाव ऐकून बाबांनी दर विचारला आणि दर ऐकून परत लग्नपत्रिका हातात घेतली. दिरांनी विचारलं, "आत पानठेला?" मी म्हटलं, "एक हजार सहाशे सहासष्ट एकरांत एखाद्या सेटवर सापडेलही. पण खोटा असेल."

याच सुमाराला नांदेडहून फोन आला. सासूबाईंच्या मावसबहिणीची नणंद काचीगुड्याला राहते. "हॉटेल कायले करता? घर आहे ना आपलं!" काचीगुडा म्हणजे मराठी वस्ती, निजामाच्या काळापासूनची. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होता, त्यामुळे नांदेडकडच्यांची अर्धी सोयरीक तिकडे. सासूबाईंचा चेहरा खुलला. बादली हमखास. जेवण घरचं. फक्त आम्ही आठ जण, आणि त्यांचं घर दोन खोल्यांचं, हे त्यांनीच पुढच्या वाक्यात सांगितलं. "खाली गाद्या टाकू!" जाऊबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी जाऊबाईंकडे. आम्हा दोघींचं इतकं एकमत यापूर्वी फक्त एकदाच झालं होतं, सासऱ्यांनी घरी सावजी मसाला वाटायचा म्हटलं तेव्हा. "आई, त्यांना त्रास कशाला, आपण भेटायला जाऊ की एका संध्याकाळी," असं मी म्हटलं आणि तो विषय एका संध्याकाळीवर आणून ठेवला. साडी घ्यावी लागेल, पण गाद्यांपेक्षा स्वस्त.

मग मी हॉटेलांना फोन लावायला सुरुवात केली. हे काम कुणीही करू नये. लकडीकापूलवाल्यानं सांगितलं, "मॅडम, सब नजदीक है." विमानतळाजवळच्यानं सांगितलं, "मॅडम, सब नजदीक है." हयातनगरच्यानंही तेच. हैदराबादला काहीच लांब नाही, लांब फक्त आम्ही आहोत. "वंडरला कितना दूर?" "बस, आधा घंटा." "रामोजी?" "आधा घंटा." "स्नो वर्ल्ड?" थोडं थांबून, "सुबह को जाते तो आधा घंटा." बादलीचं विचारल्यावर मात्र प्रत्येक जण गंभीर व्हायचा. "बकेट मिल जाएगा मॅडम," असं एकानं इतक्या खालच्या आवाजात सांगितलं की मला वाटलं स्पेशल मागवून देतोय.

खरी किल्ली सापडली ती रिंग रोडमध्ये. शहराभोवती १५८ किलोमीटरचा आउटर रिंग रोड आहे. त्याच्या एक्झिटना नंबर आहेत. रामोजीला जायचं तर ११, वंडरलाला १३. दोनच एक्झिटचं अंतर! शहरातून जायला गेलं तर दोन टोकं, रिंग रोडनं गेलं तर शेजारी. ३०-३५ किलोमीटर, तेही सिग्नलशिवाय. फक्त त्या रस्त्यावर ऑटोला मनाई आहे, म्हणजे टॅक्सीच करावी लागणार. म्हणजे दोन पार्कं एका बाजूला आणि स्नो वर्ल्ड एकटं शहरात. पहिल्या दिवशी गाडी सव्वाबाराला पोचते, तेव्हा दुपारी बर्फ, संध्याकाळी काचीगुडा, रात्री शहरातच मुक्काम. दुसऱ्या दिवशी सामान उचलायचं आणि विमानतळाच्या बाजूला, शमशाबादला, दोन रात्री. तिथून एक दिवस वंडरला, एक दिवस रामोजी. परतीची वंदे भारत दुपारी १ ची, तिला सकाळ मोकळी.

हे मी रविवारी पोहे खाताना मांडलं. तर्री वाढताना माणसं ऐकून घेतात, हा माझा अनुभव. सगळे ऐकत होते. बाबांनी एक्झिटचे नंबर दोनदा विचारून घेतले. मग हे म्हणाले, "म्हणजे दोन हॉटेलं?"

"हो."

"मग मध्यवर्ती कुठलं?"

"एकही नाही."

यावर घरात पसरलेली शांतता मी कधी विसरणार नाही. हॉटेल बदलायचं म्हणजे सामान बांधा-सोडा, सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा, चार्जर राहून जाणं, नायलॉनची पिशवी. एकाच खोलीत चार दिवस राहून रोज तीन तास टॅक्सीत बसायला आमच्या घरातला एकही माणूस नाही म्हणणार नाही, पण बॅग दोनदा भरायची म्हटलं की सगळे थकतात. मी हिशेब मांडला. टॅक्सीचं भाडं जोडून दाखवलं, दोन दिवसांत किती तास वाचतात ते दाखवलं. बाबांनी तो हिशेब तपासला आणि मास्तरी आवाजात "बरोबर आहे" म्हणाले. तेवढ्यावर घर माझ्या बाजूला आलं. शमशाबादच्या हॉटेलला गॅलरी होती, बादली होती, पूल होता, पार्किंग होतं आणि फाटकाबाहेर, रिसेप्शनवरच्या मुलानं छातीठोक सांगितल्याप्रमाणे, पानठेलाही होता. मी तिथल्या तिथे मोबाईलवर दोन्ही बुकिंगं केली. मोफत रद्द करायची मुदत होती, तीही सगळ्यांना वाचून दाखवली. हे मात्र करायला नको होतं असं जाऊबाई नंतर म्हणाल्या.

कारण चहा येईपर्यंत बाबा परत नकाशा पाहून राहिले होते. बोट शमशाबादवर. "काहून गं," म्हणाले, "हे हॉटेल विमानतळाला लागूनच दिसून राहिलंय."

"हो बाबा. दहा मिनिटांवर."

"आणि आपण ट्रेननं जातोय?"

"हो."

"अन् उतरणार सिकंदराबादला. तिथून पूर्ण शहर ओलांडून विमानतळापाशी झोपायला जाणार."

ह्यांनी आयपीएलचा आवाज बंद केला. ओमनं विचारलं, "विमानात उंची मोजतात का?" दिरांनी खर्रा विमानात चालतो का ते विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "नागपूरहून विमान आहे ना थेट? मग संध्याकाळचं बघ एखादं. आणि हो, विमानातून उतरल्यावर सगळ्यांना मध्यवर्ती पडेल असं."