दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर: कडाक्याच्या थंडीत बंद केलेला हीटर

नमस्कार,

तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. बाहेर उणे चौदा, सोबत मुलं, नळाला पाणी नाही आणि हीटर विझलेला, अशी रात्र काढणं किती अवघड असतं याची मला कल्पना आहे. सुट्टीचे दिवस असे गेले याचं मनापासून वाईट वाटतं.

इतर वाचकांसाठी तुमच्या तक्रारी थोडक्यात सांगते. आमच्याकडून मोटारहोम, म्हणजे आत राहता-झोपता येणारी गाडी, 'हिवाळ्यासाठी तयार' म्हणून भाड्याने घेतली, पण दुसऱ्या दिवशी बॉयलरचं, म्हणजे पाणी तापवायच्या टाकीचं, सगळं पाणी आपोआप बर्फावर सांडलं. तिसऱ्या रात्री सिलिंडरमध्ये गॅस असूनही हीटर विझला. काचांवरून पाणी ओघळून गाद्या भिजल्या. डिझेल गोठल्यामुळे सकाळी इंजिन चालू होईना. गाडीच्या जमिनीतल्या जाळीतून गार वारा येत होता म्हणून तिच्यात टॉवेल कोंबला, आणि शेवटी शेगडी पेटती ठेवून ऊब घेतली. त्यामुळे भाड्याची अर्धी रक्कम परत मिळावी, असं तुमचं म्हणणं आहे.

मी शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करते. पैशांचा प्रश्न त्यापुढे लहान आहे. शेगडी पेटवून गाडी तापवणं हा उपाय नाही, आणि तुमचा अभिप्राय वाचून कुणीही तो करू नये. गाडीचा हीटर ज्वलनासाठी लागणारी हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. शेगडी मात्र तुमच्याच श्वासाची हवा वापरते. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि थकलेल्या माणसाला वाटतं आपल्याला झोप येते आहे. जमिनीतली ती जाळी मुद्दाम उघडी ठेवलेली असते. ताजी हवा आत येण्यासाठी ती लागतेच, शिवाय सिलिंडरमधला प्रोपेन गॅस हवेच्या दीडपट जड असल्यामुळे गळती झाली तर गॅस खाली साचतो आणि त्याच वाटेने बाहेर पडतो. तुम्ही जाळी बंद केलीत आणि वर शेगडी पेटवलीत. सगळे सुखरूप परतलात, यापेक्षा मोठं समाधान मला दुसरं नाही. पुढच्या वेळी गाडी कुणाचीही असो, जाळी उघडी ठेवा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म छतावरून काढू नका, आणि हिमवर्षाव झाला की छतावरच्या झरोक्यांवरचा व हीटरच्या धुराड्यावरचा बर्फ आधी झाडा.

आता पाण्याचं. तुम्हीच लिहिलं आहे की सकाळी बर्फावरच्या घसरगुंडीला जाताना गॅस वाचावा म्हणून हीटर पूर्ण बंद केलात आणि संध्याकाळी परत आलात. बॉयलरजवळ एक छोटी झडप आहे. तिला वीज लागत नाही. तिच्याभोवतीचं तापमान साधारण ३ अंशांवर आलं की ती उघडते आणि बॉयलरमधलं १० लिटर पाणी खाली सोडून देते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून भरलेला बॉयलर गोठला तर तो फुटतो. झडपेने तुमची अंघोळ घालवली, पण बॉयलर वाचवला. एकदा उघडल्यावर तिच्याभोवती साधारण ७ अंशांच्या वर ऊब येईपर्यंत ती पुन्हा बंद करता येत नाही. म्हणूनच तुम्ही तिचं बटण दाबत राहिलात तरी ते टिकलं नाही. गाडी परत आली तेव्हा झडप असलेल्या कप्प्यात बुटांच्या पिशव्या ठासून भरलेल्या होत्या. अशा वेळी हीटर चालू असला तरी गरम हवा झडपेपर्यंत पोचत नाही. गाडी देताना तो कप्पा मोकळा ठेवायला आम्ही सांगतो, तो यासाठीच.

हीटर बंद केल्यावर थोडा गॅस वाचतो, हे खरं आहे. पण त्या काही तासांत गाद्या, कपाटं, भिंती, नळ्या सगळं गार पडतं, आणि संध्याकाळी ते पुन्हा तापवताना हीटर पूर्ण ताकदीने चालतो. बाहेर जाताना थर्मोस्टॅट १२ ते १५ अंशांवर ठेवावा, बंद करू नये. रात्रीही तेच.

'हिवाळ्यासाठी तयार' हे शब्द आम्ही जाहिरातीसाठी वापरत नाही. मोटारहोमसाठी ईएन १६४६-१ हे युरोपीय मानक आहे. त्यातल्या तिसऱ्या श्रेणीत गाडी उणे १५ अंशांत पूर्ण गारठवतात आणि मग चार तासांत आतलं तापमान २० अंशांवर जायला हवं. तुमची गाडी त्या श्रेणीतली होती. पण ती कसोटी चालू हीटरची आहे. भिंती कितीही जाड असल्या तरी ऊब तयार होत नसेल तर त्या फक्त गार पडायला जास्त वेळ लावतात.

सिलिंडरचं कोडं मात्र खरंच कुणालाही चकवणारं आहे. आम्ही दिलेले दोन्ही सिलिंडर प्रोपेनचे होते. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळतो, म्हणजे द्रवाची वाफ होत राहते आणि हीटरला गॅस मिळतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही वाटेत एक सिलिंडर बदलून घेतलात. गाडीसोबत परत आलेल्या त्या सिलिंडरवर मिश्र गॅस असं लिहिलेलं आहे, म्हणजे त्यात ब्युटेनही आहे. ब्युटेन शून्याच्या किंचित खालीच उकळायचा थांबतो. मिश्रणातला प्रोपेन आधी निघून गेला आणि ब्युटेन द्रवरूपात तळाशी राहिला. हलवलं की आत काहीतरी डचमळतं, वजनही लागतं, पण गॅस बाहेर येत नाही. थंडीत सिलिंडर बदलताना 'फक्त प्रोपेन' असं विचारून घ्यायचं, हे गाडी देताना सांगितलेलं पुन्हा इथे लिहिते, कारण पुष्कळ जण सिलिंडर म्हणजे सिलिंडर असंच समजतात.

गॅस किती लागेल याचा हिशोबही निघण्याआधी करावा. ६ किलोवॉटचा हीटर पूर्ण ताकदीने चालला तर तासाला साधारण अर्धा किलो प्रोपेन जाळतो. ११ किलोचा सिलिंडर अशा वेळी एक दिवसही पुरत नाही. हीटर नेमस्त चालला तर दोन-तीन दिवस जातो. म्हणून गाडी मुक्कामाला लावण्यासाठी विजेची सोय असलेला तळ निवडा असं आम्ही आग्रहाने म्हणतो. तुम्ही निसर्गाच्या जवळ राहायचं म्हणून वीज नसलेली जागा निवडलीत. ती निवड चुकीची नाही, पण तिच्यासाठी गॅस जवळजवळ दुप्पट धरावा लागतो.

काचांवरच्या पाण्याबद्दल: झोपलेला माणूसही श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम वाफ सोडतो. चौघांची रात्र म्हणजे लिटरभराहून जास्त पाणी. त्यात ओले कपडे, आणि पेटती शेगडी. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. ही वाफ सगळ्यात गार पृष्ठभागावर जाऊन बसते, आणि गाडीत तो पृष्ठभाग म्हणजे चालकासमोरची काच. ती एकपदरी असते. तिच्यासाठी दिलेलं जाड आवरण बाहेरून लावायचं असतं, म्हणजे काच स्वतः उबदार राहते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ते आतून लावलेलं दिसतं. तसं केलं की काच आणि आवरण यांच्यामध्ये पाणी साचतं आणि गोठतं. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं झरोके सताड उघडले की गाडी फार गार होत नाही आणि ओल निघून जाते.

डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत त्याचे स्फटिक होऊन फिल्टर तुंबतो. सखल, उबदार भागात मिळणारं डिझेल त्या हवामानासाठीच बनवलेलं असतं. टाकी खालीच पूर्ण भरून वर आलात तर दोन दिवस तेच डिझेल गाडीत राहतं. त्यापेक्षा खाली गरजेपुरतं भरावं आणि थंड प्रदेशात पोचल्यावर तिथलं हिवाळी डिझेल घ्यावं.

भाड्याच्या अर्ध्या रकमेबद्दल. ती आम्ही परत देणार नाही. हीटर, झडप आणि नळ्या आम्ही गाडी परत आल्यावर पुन्हा तपासल्या. तिन्ही व्यवस्थित आहेत. तुमची अनामत मात्र पूर्ण परत केली जाईल. भिजलेल्या गाद्या वाळल्या आहेत, त्यांचे पैसे कापलेले नाहीत. बदलून आणलेला मिश्र सिलिंडर तुमच्याच पैशांचा आहे. तो कार्यालयातून कधीही घेऊन जा.

गाडी देताना होणारी तासाभराची माहिती 'अनावश्यक लांब' वाटली, असंही तुम्ही लिहिलं आहे. ती आम्ही कमी करणार नाही. पण किल्लीच्या जुडग्यावर जो फोन नंबर आहे तो रात्रीही उचलला जातो. हीटर विझला, पाणी सांडलं, अलार्म वाजला, काहीही झालं तरी त्यावर फोन करा, रात्रीचे तीन वाजलेले असोत. त्या तिसऱ्या रात्री तुमचा फोन आला असता तर सिलिंडरवर काय लिहिलं आहे एवढंच मी आधी विचारलं असतं, आणि शेगडी विझवायला सांगितली असती.