पार्किंगमधला पंचनामा

चारही स्पार्क प्लग नवे, दोन नंबरच्या प्लगला वीज पुरवणारी कॉइल नवी, वर लेबर आणि त्यावर जीएसटी. एवढं ओतल्यावर माझी गाडी, जी आधी अधूनमधून मिसिंग करायची, म्हणजे एखादी ठिणगी चुकवून झटका द्यायची, ती आता नेमाने करायला लागली. बोपदेव घाटात मी सेकंडवर झटके खात चढत असताना सीताफळांचे रिकामे क्रेट घेऊन सासवडला परतणारा टेम्पो मला ओलांडून गेला. मागे क्रेटवर बसलेल्या पोराने मला टाटा केला. वर हसलासुद्धा.

गॅरेजला फोन केला तर उत्तर तयार. "नवीन पार्ट आहेत ना सर, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, सेट होईल."

चपला नव्या असल्या तर सेट होतात हो. प्लगला काय सेट व्हायचं असतं? त्याला आयुष्यात एकच काम, वेळेवर ठिणगी टाकायची. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला साडेसातशे फेरे मारतं, दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलेंडरची एक पाळी, म्हणजे पहिल्या मिनिटातच प्लगचा पावणेचारशे वेळा सराव होऊन जातो. आणखी किती रियाज करायचा त्याने? शिवाय चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला नव्हता, लुकलुकत होता. लुकलुकतो याचा अर्थ न जळलेलं पेट्रोल पुढे, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे आग मांडतंय. त्या कन्व्हर्टरची किंमत विचारून बघा एकदा. म्हणजे 'सेट' होता होता गाडीचा आणखी एक महागडा अवयव निकामी, आणि तोही बदलायला यायचं यांच्याकडेच.

म्हणून रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. मोबाइलला जोडायचा निळा स्कॅनर माझ्याकडे होता. स्टिअरिंगखाली सॉकेटमध्ये खोचायचा, फोनवर कोड वाचायचा. तासाभराचं काम. पण आमच्या सोसायटीत उघडं बॉनेट म्हणजे जाहीर निमंत्रण असतं, आणि सगळ्यांत आधी हजर होतात बी विंगचे साहेब.

साहेब पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. उभी हयात ठाण्यात जबाब-पंचनामे लिहिणारा रायटर म्हणून काढली. कागदावर काही उतरवल्याशिवाय एखादी गोष्ट घडली यावर त्यांचा विश्वास बसत नाही. गंजीफ्रॉक, हाफ पँट, हातात चहाचा पेला, असे ते आले.

"काय झालं?"

"मिसिंग करतेय, साहेब."

"कधीपासून?"

"गॅरेजमधून आणल्यापासून."

"शेवटचं कोणी पाहिलं?"

मी गाडीबद्दल बोलतोय, असं सांगितलं. ते म्हणाले, "मग मी कोणाबद्दल बोलतोय?"

तेवढ्यात फोनवर कोड उमटला. पी०३०२. साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, पेला माझ्या बॅटरीवर ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "हे काय आहे, माहितीये?"

"दोन नंबर सिलेंडरचा मिसफायर."

"खून."

मी समजावून सांगितलं की पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचं, तीन म्हणजे इग्निशनचं खातं आणि शेवटी सिलेंडरचा नंबर.

"म्हणजे शेवटचा आकडा आरोपीचा."

"नाही साहेब, मयताचा. कोण मेलं तेवढं कळतं. कोणी मारलं ते नाही."

हे ऐकून साहेब जे खुलले! बायकोला हाक मारून वरून पॅड आणि पेन मागवलं. इथे मला सांगितलंच पाहिजे की गॅरेजच्या त्या वातानुकूलित रिसेप्शनवर हे इतकं सोपं वाक्य कोणाच्याही गळी उतरलं नव्हतं. तिथे दोन नंबरचा कोड दिसला की दोन नंबरची कॉइल बदलायची, प्लग घालायचे, बिल फाडायचं. संशयित प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल, वायरिंग असेल, कॉम्प्रेशन गेलेलं असेल. चौकशी कोणाचीच नाही, थेट एन्काउंटर.

साहेबांना मात्र वेगळीच चिंता. "पण १ जुलै २०२४ पासून तीनशे दोन राहिलं नाही. न्याय संहितेत ते एकशे तीन झालं. तुमच्या गाडीला कळवलं नाही का कोणी?"

"गाडी २०१४ ची आहे."

"गाडीची तारीख नाही बघत. गुन्ह्याची बघतात. गुन्हा कधीचा?"

"मागच्या आठवड्यातला."

"मग कलम चुकलं. कोर्टात पहिल्या तारखेला उडेल."

मी दहाचा पाना घेतला आणि दोन नंबरची कॉइल काढून चार नंबरवर बसवली, चारची दोनवर. या चाचणीला अक्कल लागत नाही, पैसेही लागत नाहीत. दोष कॉइलमध्ये असेल तर कोड तिच्यामागे चार नंबरवर जातो, नसेल तर जागचा हलत नाही. कनेक्टरचं प्लास्टिकचं लॉक वर्षानुवर्षं उष्णता खाऊन बिस्किटासारखं झालेलं, ते मोडू नये म्हणून मी श्वास रोखून होतो. साहेब मागून सांगत होते, "काढताना ठसे जपा." कोड पुसला, गाडी चालू केली, थरथरत ठेवली. पुन्हा तीनशे दोन.

"कॉइल घटनास्थळी नव्हती," साहेब म्हणाले. "सोडून द्या तिला."

सोडायचं काय? तिचे मी पूर्ण पैसे मोजलेत! आणि खरा संताप याचा की नवी निर्दोष निघाली म्हणजे जुनीही बहुधा निर्दोषच होती. ती बिचारी आज कुठल्या भंगारात पडली असेल देव जाणे. जुने पार्ट परत द्या म्हटलं की काउंटरवरचा मुलगा असा चेहरा करतो, जसं काही मी त्याच्या घरचे दागिने मागितले.

प्लग काढायचे तर इंजिन थंड व्हायला हवं. तोवर साहेबांनी वॉचमनला आणि इस्त्रीवाल्याला बोलावून ठेवलं. कशाला? पंच म्हणून. मी म्हटलं, एक पंच मी होतो की. तर म्हणाले, "तुम्ही फिर्यादी. तुम्हाला पंच होता येत नाही." मग त्यांच्या जमान्यातल्या स्कूटरची कथा झाली. प्लग काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, फुंकर घालायची, स्कूटर आडवी करायची, किक. मी सांगितलं की या इरिडियम प्लगचं टोक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, पॉलिश पेपर लागला की संपलं. "म्हणजे पहिल्याच दणक्यात बोलणारातला," साहेब तुच्छतेने म्हणाले.

दोनचा प्लग चारमध्ये, चारचा दोनमध्ये. गाडी चालू. फोनकडे चौघांचे डोळे. पी०३०४.

"तीनशे चार! सदोष मनुष्यवध." साहेबांचा चेहरा पडला. खुनावरून खाली आलेली केस, रायटरच्या जिवाला लागणारच. पण मला हवं ते मिळालं होतं. प्लग हलला तसा कोड हलला. प्लग बाहेर काढून मोबाइलच्या उजेडात फिरवला. पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी चीर, आणि तिच्या कडेने धातूच्या षटकोनापर्यंत उतरलेली काळी रेघ, कोणी बारीक पेन्सिलीने ओढावी तशी. वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब टोकापर्यंत जायचे कष्ट कशाला घेईल? चिरेतून सरळ बॉडीत उतरत होता. पाना तिरका धरून आवळला किंवा प्लग फरशीवर पडला तरी तसाच लावला, की हे होतं.

"निष्काळजीपणा," साहेब एकदम सावरले. "तीनशे चार अ! गाडीने बरोबर लावलंय, फक्त 'अ' लिहायचा राहिला." आणि त्यांनी लिहायला घेतलं: "सदर प्लग पांढऱ्या रंगाचा, लांबी अंदाजे बोटभर, हाताळण्यास कोमट, पेट्रोलचा वास येत असून अंगावर उभी काळसर रेघ दिसून आली..." वॉचमनने सही केली. इस्त्रीवाल्याने आधी कोर्टात यावं लागेल का विचारलं, मग केली.

नाना पेठेतून नवा प्लग आणला, हाताने आटे धरून बसवला, गाडी गपगुमान चालायला लागली. मग गॅरेजला फोन. आधी "इलेक्ट्रिकल पार्टला गॅरंटी नसते". मग मी चीर, रेघ, सगळं सांगितल्यावर "सर, तुम्ही जुने कस्टमर, फुटलेला प्लग घेऊन या, बघू काय करता येतं". बिलात 'स्कॅनिंग चार्जेस' म्हणून जी रक्कम लावली होती तिच्याबद्दल विचारलं तर लाइनच खराब झाली.

प्लग आणायला साहेबांकडे गेलो. त्यांनी तो खाकी पाकिटात घालून, वर दोरा बांधून, लाख लावून कपाटात ठेवलेला.

"मुद्देमाल आहे. असा हातात देता येत नाही."

"साहेब, सातशे रुपयांचा प्लग आहे. गॅरेजवाला बदलून देतोय."

"आरोपीच्या ताब्यात पुरावा देऊ? तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?"

काकूंनी मध्यस्थी करून पाहिली. शेवटी साहेब म्हणाले, रीतसर अर्ज करा. केला. त्यांनी तो वाचला, समासात तांबड्या शाईने काहीतरी लिहिलं आणि पुढच्या रविवारची तारीख दिली. गॅरेजवाला म्हणतो, शनिवारपर्यंतच आणा सर, त्यानंतर सिस्टिम घेत नाही.