टोमॅटोच्या बिया आणि भरलेली बाटली

आज दुपारी डबा खाताना ऑफिसातल्या नव्या मुलीने कोशिंबिरीतले टोमॅटो एकेक करून झाकणावर काढून ठेवले. "ताई, बियांनी मुतखडा होतो ना!" शेजारी तिची लिटरची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. अडीच वाजले होते.

माझं तुम्हाला माहीतच आहे. दोन वर्षांपूर्वी लोकलने घाटकोपर सोडलं आणि उजव्या कुशीत जी कळ आली, कुर्ल्याला बायकांनी धरून उतरवलं. बाळंतपण परवडलं! डॉक्टरांनी विचारलं, दिवसातून किती वेळा लघवीला जाता? म्हटलं, सकाळी घरून निघताना, मग रात्री घरी पोचल्यावर. ते पेन खाली ठेवून बघतच राहिले.

त्यानंतर सल्ल्यांचा पाऊस. दूध बंद कर, बिअर पी (हे दिरांचं). मी रात्र रात्र वाचत बसले, डॉक्टरांचं डोकं खाल्लं. दूध-दही उलट हवंच, जेवणातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झलेटला (खाण्यातून येणारं, खडा बनवणारं द्रव्य) धरतं, ते लघवीपर्यंत पोचत नाही. खरं नडतं ते मीठ. म्हणजे माझं लोणचं आणि पापड. कुळथाचं कढण? पाणी तरी जातं पोटात, चला, मान्य.

चार मिलिमीटरचा होता, पाणी आणि गोळ्यांवर नवव्या दिवशी पडला. चहाच्या गाळणीत पकडला, ज्वारीच्या दाण्याएवढा, काटेरी. (गाळणी टाकून दिली, घरी चहाला या बिनधास्त.) तपासणीत निघालं कॅल्शियम ऑक्झलेट, सगळ्यात कॉमन. दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे म्हणाले. अडीच लिटर! करायची कुठे, ते कोणी चिठ्ठीवर लिहून देत नाही.

1980 साली म्युनिकमध्ये बाहेरून धक्के देऊन पोटातला खडा फोडून दाखवला माणसाने. आता दुर्बीण घालून लेझरने भुगा करतात. आणि आमच्या वाटेवर एक धड संडास नाही. एकाला कुलूप, एकात पाणी नाही, एकाबाहेर बसलेला माणूस बायकांकडूनच पैसे मागतो. 2011 पासून या शहरात बायका 'राईट टू पी', म्हणजे लघवीला जायचा हक्क, म्हणून ओरडतायत. आपण काय करतो? पाणी पीत नाही. आईने हेच शिकवलं, "प्रवासात पाणी पिऊ नको." पुरुषांना जास्त होतात खडे, हो, आणि घराण्यातही असतं, माहितीये. पण ते पेन खाली ठेवणं माझ्या डोक्यातून जात नाही.

आईवर राग नाही. तिच्याकडे तरी दुसरा काय उपाय होता.

तर त्या मुलीला मी ते टोमॅटो परत खायला लावले आणि बाटली पुढे सरकवली. म्हणाली, "आणि ट्रेनमध्ये लागली तर?" मी गप्प. तिने दोन घोट घेतले, बूच लावलं, बाटली बॅगेत टाकली.

टिटवाळ्याला राहते ती.