पूर्ण पैसे घेता ना, मग पूर्ण गेम द्या

शनिवारी माझा अकरा वर्षांचा भाचा ऐरोलीहून खास राहायला आला होता. आठवडाभर रोज फोन. "मामा, आणलीस का गेमची डिस्क?" आणली होती. ठाण्यात नौपाड्यातल्या दुकानातून, ४,९९९ रुपये मोजून, नवी कोरी. तिथून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास सडून कासारवडवलीला घरी पोचलो, तर पोरगा दारातच उभा. खोक्यावरचं प्लॅस्टिक त्यानेच दातांनी फाडलं, डिस्क त्यानेच आत सरकवली आणि कंट्रोलर घेऊन मांडी घालून बसला.

पडद्यावर आलं: अपडेट आवश्यक, ७१ जीबी.

डिस्क आत फिरतेय, खोकं समोर पडलंय, पैसे गेलेत आणि गेम म्हणतोय आधी मला डाउनलोड करा. संध्याकाळी सहाला चालू केलं. आमच्या बिल्डिंगमध्ये शनिवारी संध्याकाळी घराघरांत सिनेमे चालू असतात, त्यामुळे नेट रडतच चालतं. आठ वाजता २२ टक्के. जेवणं झाली, ४१ टक्के. पोरगा दर पाच मिनिटांनी जाऊन आकडा बघत होता आणि मला ओरडून सांगत होता. साडेअकराला लाइट गेली. ती आली दोनला, तोवर पोरगा कंट्रोलर कुशीत घेऊन सोफ्यावरच झोपला होता, आणि मीही. सकाळी सातला उठून बघतो तर गाडी ४३ वरच अडकलेली. परत चालू केलं. दहाला ताई त्याला न्यायला आली तेव्हा ८१ टक्के झाले होते. चपला घालताना तो वळून टीव्हीकडे बघत होता. माझं डोकं तेव्हा जे फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही.

मला कोणी सांगू नका की हल्लीचे गेम मोठे असतात, डिस्कवर मावत नाहीत. पीएस५ म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा कन्सोल, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. त्याच्या डिस्कवर १०० जीबीपर्यंत माल मावतो. मावतो, पण भरायचा नसतो. २०२५मध्ये 'डूम: द डार्क एजेस' आला, त्याच्या डिस्कवर किती डेटा होता? ८५ एमबी. जीबी नाही, एमबी! लग्नाचे दोन-चार व्हिडिओ कोणी व्हॉट्सॲपवर टाकले तरी याहून जास्त होतात. निन्टेन्डो कंपनीने त्याच वर्षी स्विच २ हा कन्सोल आणला, तर त्याच्या काही गेमच्या कार्डात गेमच नाही, फक्त डाउनलोडची किल्ली. म्हणजे दुकानातून घरी आणायची ती किल्ली, आणि घर दुसऱ्याच्याच ताब्यात.

हे असं का होतं, तेही सांगतो. तारीख आधी जाहीर होते, गेम नंतर बनतो. डिस्क छापायला काही आठवडे आधी द्यावी लागते, तेव्हा काम अर्धवट असतं. मग जे आहे ते छापा, उरलेलं लोकांच्या नेटवर ढकला. 'सायबरपंक २०७७' आठवतोय? १० डिसेंबर २०२०ला आला आणि जुन्या कन्सोलवर इतका मोडका निघाला की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला. परत आला तो पुढच्या जूनमध्ये. नंतर तो सुधारला, चांगला झाला, मान्य. पण पहिल्या दिवशी ज्याने पूर्ण पैसे भरले त्याने काय पाप केलं होतं? पहिल्या दिवशी घेणाऱ्याला सगळ्यात महाग आणि सगळ्यात वाईट माल मिळतो. कुठल्या धंद्यात चालतं हे? जांभळी नाक्याच्या भाजीवाल्याने अर्धा किलो भेंडी देऊन किलोचे पैसे घेतले आणि 'उरलेली घरी येईल, वाट बघा' म्हटलं, तर लोक त्याचा तराजू फेकून देतील.

मी चरईत वाढलो. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत तीन घरांत व्हिडिओ गेम होता, खऱ्या निन्टेन्डोची नक्कल केलेला, पिवळ्या कॅसेटवाला. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. पहिला 'सुपर मारिओ ब्रदर्स' अख्खा ४० केबीचा आहे. चाळीस केबी! त्यात बत्तीस लेव्हल, ते गाणं, ते पाइप, सगळं. आणि जे होतं ते पूर्ण होतं. त्यात नंतर दुरुस्त करायची सोयच नव्हती, म्हणून बनवणारा आधी जीव ओतायचा.

आणि ती कॅसेट आपली असायची. मार्करने नाव लिहायचो तिच्यावर. माझी 'कॉन्ट्रा' दोन दिवस तुझ्याकडे, तुझी मारिओ माझ्याकडे. परीक्षा असली की आई कॅसेट कपाटात कोंडायची, मग मी दुसऱ्याच्या घरी खेळायला जायचो. 'कॉन्ट्रा'त ती धबधब्याची लेव्हल आहे ना, वर चढत जायचं असतं. जो आधी वर पळतो त्याच्याबरोबर स्क्रीनही वर सरकते आणि खाली राहिलेला मरतो. त्यावरून मी आणि माझा दादा इतके भांडलोय की रिमोटच्या वायरी तुटल्या. शेवटी एकमेकांसाठी थांबायला शिकलो, तेव्हाच ती लेव्हल पार झाली. एका टीव्हीसमोर, एका चटईवर, खांद्याला खांदा लावून.

ते शेजारी बसून खेळणंच या गेम कंपन्यांनी मारून टाकलंय. ऑनलाइन खेळायला पीएस३वर काही पैसे नव्हते, २०१३मध्ये पीएस४ आला तेव्हापासून त्याची वेगळी वर्गणी. मग एका सोफ्यावर दोघांना कशाला खेळू देतील? दोन कन्सोल घ्या, दोन गेम घ्या, दोन वर्गण्या भरा. मायक्रोसॉफ्टने 'हेलो इन्फिनिट' २०२१च्या डिसेंबरमध्ये विकला, एका टीव्हीवर दोघांनी मिळून कथा खेळायची सोय नंतर देतो म्हणाले, आणि सप्टेंबर २०२२मध्ये सरळ सांगितलं की रद्द. ज्या 'हेलो' मालिकेवर लोक कॉलेजात रात्र रात्र एकत्र बसले, तिची ही गत! आणि जमत नाही असंही नाही. 'इट टेक्स टू' बघा. दोघांसाठीच बनवलाय, एका टीव्हीवर चालतो. मित्र लांब असेल तरी एकानेच गेम घेतला की पुरतं, दुसरा फुकट खेळतो. २०२१चा सर्वोत्तम गेम ठरला तो द गेम अवॉर्ड्समध्ये. बायकोबरोबर मी तो पूर्ण केला आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, असा दुसरा आहे का? मन असेल तर होतं हे. मनच नाहीये यांच्याकडे.

२०१३ची गोष्ट सांगतो. मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स वन या कन्सोलसाठी जाहीर केलं होतं की कन्सोलने चोवीस तासांत एकदा तरी नेटला जोडून हजेरी लावायची, आणि डिस्क दुसऱ्याला देण्यावर बंधनं. जगभर लोक खवळले. तेव्हा सोनीने छोटासा व्हिडिओ काढला: गेम मित्राला कसा द्यायचा? एकाने दुसऱ्याच्या हातात खोकं दिलं, संपलं. किती टाळ्या पडल्या होत्या! मायक्रोसॉफ्टला दोन आठवड्यांच्या आत माघार घ्यावी लागली. मी तेव्हा ऑफिसात सगळ्यांना तो व्हिडिओ दाखवत फिरलो होतो. आणि आज? त्याच सोनीचा २०२४चा पीएस५ प्रो डिस्क घालायच्या खाचेशिवाय आला. खाच हवी तर वेगळे पैसे.

डिस्क असली तरी भरवसा नाहीच. युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' २०१४चा, गाड्यांचा गेम. एकटं खेळायचं तरी सर्व्हर, म्हणजे नेटवरचा कंपनीचा कॉम्प्युटर, लागायचा. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद केला आणि विकत घेतलेली डिस्क फडताळातला कचरा झाली. त्यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली, युरोपात दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात कायदा झाला, २०२५पासून लागू, की डिजिटल माल विकताना गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, हा परवाना आहे, मालकी नाही. आपल्याकडे कोण सांगतंय? आपण पैसे भरतो आणि 'मान्य आहे'वर बोट ठेवतो.

नौपाड्यातला तो दुकानदार मला पंधरा वर्षं ओळखतो. जुना गेम त्याला द्यायचा, वर थोडे पैसे टाकून दुसरा न्यायचा, यावर कितीतरी कॉलेजची पोरं खेळली. परवा म्हणाला, "साहेब, आता काही खोक्यांत डिस्कच नसते हो, कोडचा कागद असतो. तो एकदा वापरला की मी परत काय घेऊ?" नोकरी लागेपर्यंत मी स्वतः असेच गेम बदलून खेळलो. आजच्या पोराने ४,९९९ आणायचे कुठून?

माझी मागणी साधी आहे. खोक्यावर किंमत जेवढ्या अक्षरात छापता तेवढ्याच अक्षरात छापा, आत किती गेम आहे आणि किती डाउनलोड करावा लागेल. नेट नसेल तर चालेल का, हो की नाही. दोघांना एका टीव्हीवर खेळता येईल का, आज, हो की नाही.

कारण रविवारी दुपारी ते डाउनलोड संपलं. खोक्यावर '१-२ खेळाडू' छापलंय. मेनू उघडला तर दुसऱ्या खेळाडूचं बटण करडं, दाबलंच जात नाही, आणि खाली बारीक ओळ: ही सोय पुढील अपडेटमध्ये. रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, झाला का रे? मग पुढच्या शनिवारी येऊ ना?" ये म्हटलं. बाकीचं काही सांगायला जीभ रेटली नाही माझी.