पुन्हा तेच दळण

निवडणूक जवळ आली की सुरू: ‘टपालाने मतदान बंद करा, घोटाळे होतात!’ अहो, अमेरिकेतल्या आमच्या ओरेगॉन राज्यात १९९८ साली लोकांनीच कौल देऊन टपालाने मतदान करायचं ठरवलंय. पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात. माझी एकदा जुळली नाही (घाईत कोंबडीचे पाय काढले होते), तर लगेच घरी पत्र! ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचा जोर असलेल्या युटा राज्यातही वर्षानुवर्षं टपालानेच मतं पडतात. आणि ट्रम्पसाहेबांनी २०२० मध्ये फ्लोरिडात स्वतः टपालानेच मत दिलं, ते चाललं? शेजारच्या आजी वॉकर घेऊन चालतात. नोव्हेंबरच्या पावसात त्यांना रांगेत उभं करणार? वर मतदानाचा दिवस मंगळवार, सुट्टीही नाही. आधी सुट्टी तरी जाहीर करा!